माझ्या सायकलीची खांदशेकणी

हे आत्ताच सांगाले पायजे. उद्यापर्यंत थांबली तं मी थंडी होऊन जाईन अन् मंग कोणालेच सांगणार नाई, मले मी माहीत आहे. टायपिंगच्या चुका होतीन, समजून घ्या. अंगात जीव नाई माझ्या, गेले कित्येक दिवस नाई. पण सकाळी आमच्या गोठ्यात जे झालं थे पोटात ठेवणं होतच नाई.

आधी सायकल समजून घ्या, नाईतं पुढचं काहीच कळणार नाई. माझ्या सायकलीले सीट नाई. तुटली नाई, काढली नाई, नसतेच. ट्रायल्सची सायकल आहे थे. म्हणजे शर्यतीची नाई, जोरात पळवाची नाई. दगड, ड्रम, सिमेंटचे पाइप, भिंती, यायच्यावर ती सायकल उभ्यानं उड्या मारत चढवाची, अन् पाय खाली टेकवाचा नाई. टेकला की गुण गेले. ब्रेक दाबून एका चाकावर उभं राहाचं, दम घ्याचा, अन् मंग पुढची उडी. एवढाच खेळ आहे. चार हात जागेत माणूस घामानं वलागच्च होते, अन् पाहणाऱ्याले वाटते पोरगी सायकल घेऊन जागच्या जागी काय करून राह्यली.

आमचं गाव रोहण्याजवळ. पुलगाव-आर्वी छोटी लाइन होती न, जी माझ्या जन्माच्या आधीच बंद पडली, तिचा एक जुना फलाट अन् दगडी पूल आमच्याकडं अजून आहे. बोराटीच्या झुडपात. माझा सराव तिथंच. फलाटाची कड ही माझी पहिली भिंत. मोबाइलवर लोकांचे व्हिडिओ पाहून पाहून शिकली, बाकी शिकवाले कोण आहे इथं.

बसस्टॉपवरचा चहावाला काका मी दिसली की रोज तेच म्हणते. रोज! "काय वं बाई, सीट चोरीले गेली का?" मी म्हणते, "हव काका, तुमच्यावरच डाउट आहे." तं म्हणे, "घरी एक जुनी पडली आहे, देऊ का?" आईचं वेगळंच. "बसाचीच सोय नाई तं थे सायकल कायची? उभं राहाले देवानं पाय देले नाईत का तुले?"

बरं. सायकल काई मी दुकानातून घेतली नाई, जोडली. अन् जोडणं म्हणजे काय असते हे जोडणाऱ्यालेच माहीत. फ्रेम पुण्याच्या एका पोराची, त्यानं खेळ सोडला म्हणून आली. आली तेव्हा मी अख्खी फ्रेम खिडकीत धरून नखानं चाचपली, वेल्डिंगच्या जागी कुठं केसाएवढी चीर आहे का म्हणून. चीर असली की संपलं, उडीतून खाली येतांनाच दोन तुकडे. नव्हती. त्या दिवशी मी एवढी नाचली का आई म्हणे, "काय वं, लॉटरी लागली का?"

पुढं एक एक सामान निवडाचं. इंटरनेटवर पाहाले गेलं तं डोकं फिरते. हा म्हणते पुढचं चाक धरणारा चिमटा असा घ्या, तो म्हणते तसा घ्या, रुंद हँडल, आखूड हँडल, असं टायर, तसं टायर. मी शेवटी एकच नियम ठेवला. जे तुटलं तं आपले दात जातीन, थे चांगल्यातलं घ्याचं. बाकी जुगाड. म्हणजे पुढचा चिमटा, हँडल, चेन अन् मागचं फ्रीव्हील चांगलं. पायडलं जुनी चालली. अन् खाली चेनच्या चकतीले दगडाचा मार लागू नये म्हणून एक पट्टी लागते, पहिली वाकली तं यंदा दुसरी मी बाबाच्या जुन्या वखराच्या पासेतून कापून घेतली. वखराची पास म्हणजे जमीन खरडणारं लोखंडी पातं. असं लोखंड बाजारात भेटत नाई. बाबांनी महिनाभरानं विचारलं, "वखराची पास कुठं गेली वं?" मी म्हणलं, "सायकलीले." त्यायनं मान हलवली अन् गेले. बैलच नव्हते राह्यले, तं वखर तरी काय करन.

फ्रीव्हील सांगते, कारण पुढं त्याचं काम आहे. मागच्या चाकाच्या मंधात असते थे. पायडल मारलं की धरते, नाई मारलं की टकटक करत सुटं फिरते. त्याच्या आत छोटे छोटे दाते असतात, वर-खाली होणारे. आमच्याकडचे सायकलवाले त्याले कुत्रे म्हणतात. कुत्रे जागे पायजेत. पायावर जोर देला की त्यायनं चटकन चावा घेतला पायजे, तवाच उडी बसते. म्हणून त्याच्यात पातळ तेलाचे दोन थेंब टाकाचे, बस. जाड ग्रीस भरलं का कुत्रे चिकटून झोपतात. मंग ऐन उडीत पायडल रिकामं फिरते अन् नडगी सरळ लोखंडावर. माझ्या दोनी नडग्या पाहाल तं वाटन कोणी विळ्यानं भाजी चिरली.

अन् दुसरी गोष्ट रिम. आपल्या साध्या सायकलीची रिम कशी चकचकीत असते, तशी इथं चालत नाई. ब्रेकचे रबरी गुटके घसरतात. म्हणून रिमीची जी बाजू गुटक्याले लागते तिच्यावर ग्राइंडर मारून थे मुद्दाम खरबडून घेतात. आमच्या वेल्डिंगवाल्याकडं मी नव्या रिमा घेऊन गेली तं तो माझ्या तोंडाकडं पाहतच राह्यला. "नवी आहे बाई." "हव, माहीत आहे. खरबडून दे." "घरी विचारलं का?" "तू मार न भाऊ ग्राइंडर!" त्यानं डोळे बारीक करून मारलं, जसं काई मी त्याले पाप कराले लावून राह्यली. पण त्याच्यानंतर ब्रेक असा धरते असा धरते की बास. अन् असा किंचाळते का मी फलाटावर ब्रेक दाबला तं गावातले कुत्रे भुंकतात. खरे कुत्रे. आईले घरात बसून समजते मी कुठपर्यंत पोचली.

तुम्हाले वाटन लय मजा. मजा आहेच. पण जोडणं एकदाच होते, सांभाळणं रोजचं आहे, अन् त्याच्यानंच माणूस थकते. पावसाळ्यात आमची काळी माती अशी चिकटते का चाक चिमट्यातच अडकते. कापसाच्या दिवसात रस्त्यानं उडणारी रुई तेलावर बसते अन् फ्रीव्हीलमंदी तिचा बोळा होते. चाकाच्या तारा ढिल्या पडतात, त्या एक एक वाजवून पाहा. चेन धुवा, वाळवा, तेल द्या, पुसा. टायरमंदी हवा कमी ठेवाची म्हणजे दगडाले चिकटते, पण लय कमी झाली का ट्यूब चिमटते. एक नीट केलं का दुसरं बिघडते. कॉलेज, घर, शेतातली खुरपणी, अन् उरलेल्या वेळात मी पान्हा घेऊन गोठ्यात. पहिल्या वर्षी नागपूरच्या निवडीले गेली तं चेन तुटली. दुसऱ्या वर्षी जायच्या आधीच चिमटा वाकला. नागपूरले एक क्लब आहे, तो वर्षातून पोरं-पोरी निवडते अन् मंग बाहेरच्या स्पर्धेले संग नेते. शिकवते बी. मले तेच पायजे होतं. एकटीनं मोबाइल पाहून किती दिवस शिकाचं?

यंदा मी घरी सांगून टाकलं. यावेळी झालं तं झालं, नाईतं सोडलं. बी.एड. करते अन् गप बसते. बाबा म्हणे, "ठीक आहे." आई म्हणे, "देव पावला." अन् खरं सांगू का, मलेही आतून वाटत होतं का जे व्हाचं थे एकदाचं होऊन जावं. लय झालं होतं.

निवड होती पोळ्यानंतरच्या रविवारी.

आता बाबा. बाबाचं अन् माझ्या सायकलीचं काहीच नातं नव्हतं. कर म्हणले नाई, नको करू बी म्हणले नाई. गुडघे दुखतात म्हणून याच उन्हाळ्यात त्यायनं बैलजोडी विकली, आता ट्रॅक्टर सांगतात. गोठा रिकामा झाला तं मी सायकल तिथं ठेवू लागली. बैलाच्याच खुंट्याले साखळीनं बांधून. बाबा सकाळी सवयीनं गोठ्यात जात, उभे राहत, अन् परत येत. मी तेव्हा तिथं चेन पुसत असली तं म्हणत, "सरक वं," अन् काही काम नसतांना कोपऱ्यातला कडबा इकडचा तिकडं करत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी वर्ध्याले गेलती. ब्रेकचे नवे गुटके आले होते कुरिअरनं, आमच्या गावात तो कुरिअरवाला येत नाई. संध्याकाळच्या बसनं परत आली तं घरात पाय टाकल्याबरोबर हळद अन् गरम लोण्याचा वास. मी म्हणलं हे काय? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात न आपल्याकडं, गरम पाण्यानं, अन् मंग हळद-लोणी चोळतात, वर्षभर जू ओढून दुखलेले असतात म्हणून. पण आमच्याकडं बैल कुठं आहे?

गोठ्यात गेली.

बाबा खाली बसून होते. समोर माझी सायकल, धुतलेली, पार चकाचक. बाजूले वाटी. अन् सायकल पिवळी. फ्रेम पिवळी, हँडल पिवळं, चिमटा पिवळा, अन् दोनी रिमा पिवळ्या. बाबा तळव्यानं मागच्या रिमीवर लोणी चोळून राह्यले होते, अंगठा दाबून दाबून, जसं कोणी दुखऱ्या जागेवर चोळते. अन् हळूच, पुटपुटत, जे बैलाच्या कानाशी म्हणतात तेच म्हणत होते:

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी दारातच. त्यायले चाहूल लागली तशे लाजले. खरंच लाजले, माझे बाबा.

"काऊन? कामाची आहे न थे बी," म्हणे. "दोन वर्सं झाले पाहून राह्यलो मी. रोज आदळते, उठते, पुन्हा आदळते. तिचं खांद नाई दुखत का?"

मी जवळ जाऊन उभी राह्यली.

"चाक तं पार सोलून निघालतं," म्हणे. "हे पाह्य, सारं खरबडलेलं. म्हणूनच थे रडते एवढं. चांगलं जिरवलं लोणी त्याच्यात. आता रडणार नाई." अन् मंग मागच्या चाकाच्या मंधात बोट दाखवून, "अन् हे टकटक करत होतं, कोरडं पडलं असन. पंपानं ग्रीस भरून देलं ठासून."

कुत्रे गेले. रिमा गेल्या. माझ्या हातात नव्या गुटक्याचं पाकीट, अन् समोर ज्याच्यावर थे लावाचे तिथं घरचं लोणी. जे मी मुद्दाम खरबडून घेतलं होतं थे त्यायले जखम दिसली. बैलाच्या खांद्यावर जू घासून पडते न, तशी.

मी म्हणलं, "चांगलं केलं बाबा."

दुसरं काय म्हणणार होती? सांगा न. आई दारातून म्हणे, "माह्या पायाले कधी खोबरेल लावलं नाई या माणसानं, अन् सायकलीले घरचं लोणी!" बाबा म्हणे, "तू कुठं उड्या मारतं?" आई म्हणे, "मारू का?" ते दोघं हसले. मी बी हसली. मंग न्हाणीत जाऊन नळ सुरू केला अन् रडली थोडी. जास्त नाई, थकव्यानं रडू बी नीट येत नाई.

पोळ्याच्या दिवशी सारं बंद. वेल्डिंगवाल्याच्या दुकानाले कुलूप, तो त्याच्या काकाचे बैल सजवत होता. मी म्हणलं, "भाऊ, फक्त ग्राइंडर मारून दे." तो म्हणे, "आज हत्यार चालवत नाई आम्ही, उद्या तान्हा पोळा. परवा ये." परवा म्हणजे शनिवार. बरं म्हणलं. अन् चाकं खोलून, पोत्यात टाकून, बाबा गावात गेल्यावर मी नाल्यावर गेली. कोणी पाहू नये म्हणून पुलाखाली. डिझेलनं धुतलं, भांड्याच्या साबणानं धुतलं, राखेनं घासलं, सँडपेपरनं घासलं. लोणी निघते हो, पण हळद? ग्राइंडरच्या बारीक बारीक रेषांत बसली होती, पिवळी धमक, जितकं घासलं तितकी हसत होती. फ्रीव्हील डिझेलच्या डब्यात बुडवून हलवलं, ग्रीसचे लोंदे निघाले. कानाजवळ नेऊन फिरवलं. आधी टकटक करत होतं, आता पाण्यात बोलल्यासारखं करत होतं. काही कुत्रे उठले, काही झोपले ते झोपलेच.

संध्याकाळी आईनं सांगतलं. पोळा भरला होता मारुतीच्या देवळासमोर, सारे आपापली जोडी घेऊन तोरणाखाली. बाबा बिनबैलाचे जाऊन उभे राह्यले. कोणीतरी चिडवलं, "का हो पाटील, जोडी कुठं आहे यंदा?" तं बाबा म्हणे, "घरी आहे. दोन चाकाची." आई हे हसत सांगून राह्यली होती. मी भाकर तशीच ताटात ठेवली.

मंग तर सांगणं शक्यच नव्हतं.

शनिवारी वेल्डिंगवाल्यानं ग्राइंडर मारला, पण रिम आधीच एकदा मारलेली. "अजून मारलं तं पातळ होईन बाई, फुटन," म्हणे. म्हणून वरवर. नवे गुटके लावले, ब्रेक दाबला. किंचाळला नाई. नुसता हुंकारला. माझं मन तेव्हाच खचलं. तरी गेली.

रविवारी पहाटे पुलगावहून गाडी, सायकल सुटी करून चादरीत. नागपूरले मैदानावर सिमेंटचे पाइप, लाकडी रीळ, दगडाचे ढीग मांडलेले. पहिला टप्पा गेला, पाय नाई टेकला. दुसऱ्यात रिळावर चढली. लाकडाचं मोठं रीळ, केबलचं. मागच्या चाकावर उभी राह्यली, ब्रेक दाबून, आता दम घेऊन पुढं उडी घ्याची. अन् चाक सरकलं. आवाज न करता सरकलं. एकदम प्रेमानं. मी पायडल मारून सावराले गेली तं पायडल रिकामं फिरलं. नडगी, कोपर, हनुवटी, सारं त्याच क्रमानं लागलं.

क्लबाचा दादा आला, जो निवड करत होता. मले उठवलं, मंग सायकल उचलली, रिमीवरून बोट फिरवलं. बोट पाह्यलं.

"ये क्या है? हल्दी?"

मी कोपराची माती झटकली.

"शादी करके लाई क्या सायकल की?"

सारे हसले. मी बी हसली, हनुवटीतून रक्त येत असतांना. मंग तो नीट बोलला, वाईट माणूस नव्हता. म्हणे, तू चालवतं चांगली, पण ब्रेकवर तेल घेऊन कोणी येते का? "पहले गाडी संभालना सीख. बाद में उडी." दिवाळीनंतर अजून एकदा निवड घेऊ, म्हणे, तेव्हा ये.

गाडी सांभाळाले शीक. मले म्हणला थो. मले! मी दोन वर्षांत दुसरं केलं काय? मले ओरडून सांगाचं होतं का अरे बावा, हे मी नाई केलं. पण मंग कोणी केलं थे सांगा लागलं असतं, अन् ते सारे पुन्हा हसले असते, अन् यावेळी बाबाले हसले असते. थे मले चाललं नसतं. म्हणून म्हणलं, "हव दादा."

पुलगावले बाबा घ्याले आले होते. "झालं का?" "नाई." त्यायनं हनुवटी पाह्यली, सायकलीची चादर स्वतः उचलली. रस्त्यात फक्त एवढंच म्हणे, "मी तं चांगलं चोळलं होतं."

ठरल्याप्रमाणे मी सोडलं. सायकल गोठ्यात, मी घरात. एवढे दिवस झाले, हात नाई लावला. अन् गंमत पाहा, मले हलकं बी वाटत होतं. सोडलं का सांगाचीच गरज नाई. बाबाले कधी कळणारच नाई. पुढच्या पोळ्याले त्यायनं पुन्हा चोळलं तरी चालन, भिंतीले टेकून ठेवलेल्या सायकलीले काय फरक पडते? पण खेळाचं असन, दिवाळीनंतर जाचं असन, तं सांगा लागते. दोन्ही एकदम होऊ शकत नाई. हे मले रोज डोळ्यापुढं दिसत होतं अन् मी रोज कूस बदलत होती.

अन् आज सकाळी उठली तं पुन्हा तोच वास.

गोठ्यात धावत गेली. बाबा बसलेले, वाटी बाजूले, ग्रीसचा पंप मांडीवर.

"तू रुसली तिच्यावर," म्हणे. "हारली म्हणून मुक्या जनावरावर कोणी रुसते का? त्या दिवशी कमी पडलं असन. आज दोनदा चोळतो."

अन् हात रिमीकडं गेला.

"बाबा, नको!" मी अशी ओरडली का आई चुलीवरून धावत आली. अन् मंग मी बोलतच सुटली. जसं आत्ता टाइप करून राह्यली न, तसंच, श्वास न घेता. रिम मुद्दाम खरबडलेली असते. थे जखम नाई. तिचं रडणं म्हणजे ब्रेक धरते. लोण्यानं धरत नाई. ग्रीसनं कुत्रे झोपतात. म्हणून पडली. नागपूरले लोकं हसले. मी पुलाखाली बसून हळद घासली. सारं. एकही गोष्ट ठेवली नाई.

बाबांनी हात मागं घेतला.

"मंग त्याच दिवशी काऊन नाई सांगतलं?"

"कसं सांगू? तुम्ही तिले आवतन देऊन राह्यले होते."

त्यायनं वाटी दूर सरकवली. मले वाटलं आता उठून जातीन, अन् पुन्हा कधी गोठ्यात येणार नाईत. मंग बाबा, एकदम कामाच्या आवाजात, जसं ट्रॅक्टरवाल्याशी बोलतात तसं म्हणे:

"बैलाच्या खुराले लोणी थोडंच चोळते कोणी. घसरूनच पडन थो. खांद्यालेच चोळाचं असते. मी खूर अन् खांद एकच केलं." अन् माझ्याकडं पाहून, "हिचं खांद कुठं आहे मंग? दाखव."

मी असा विचारच कधी केला नव्हता. उभी राह्यली, सायकलीकडं पाह्यलं. वरून उडी मारली का पहिला मार कुठं बसते? चिमटा जिथं फ्रेममंदी घुसते तिथं. हँडलच्या खाली, आत छर्ऱ्याच्या, म्हणजे बारीक लोखंडी गोळ्यांच्या, दोन रांगा असतात, सारा भार त्यायच्यावर. तिथं ग्रीस लागतेच, जाड, भरपूर.

"इथं," म्हणलं.

"खोल."

खोललं. मी पान्हा फिरवला, त्यायनं चिमटा धरला. छर्रे कोरडे ठण्ण. पावसाचं पाणी शिरून लालसर झालेले. बाबांनी ते एक एक करून तळव्यावर घेतले, धोतराच्या सोग्यानं पुसले, अन् बोटानं ग्रीस भरलं. दाबून दाबून, अंगठ्यानं. तसंच. तोंडानं या वेळी काही म्हणले नाई, किंवा म्हणले असतीन तं मले ऐकू नाई आलं.

सारं बसवून झाल्यावर हँडल फिरवलं तं असं फिरलं जसं पाण्यात हात फिरवावा. बाबा राखेनं हात धुऊन आले, दोन्ही तळवे माझ्यासमोर उलटसुलट केले, म्हणे, "आता रिमीले हात लावू का?"

"नका लावू."

"बरं," म्हणे. आई म्हणे, "लोण्याची वाटी इकडं आना, पोळीवर घेतो आम्ही. माणसाच्या तोंडात गेलेलं कधी वाया जात नाई."

अन् बाबा गोठ्याच्या दारातून निघता निघता, पाठ करूनच, म्हणे, "दिवाळीनंतर कधी आहे थे नागपूरचं? तवा कापूस वेचाले माणसं लावा लागतीन, आतापासून सांगून ठेव."

मी अजून ठरवलंच नव्हतं. खरंच नव्हतं. पण सांगून बसली न मी सारं, आता सोडू कशी? सोडाचंच होतं तं गप्प राहाचं होतं. म्हणलं, "सांगते." रिमा नव्या घ्या लागतीन, फ्रीव्हील पुन्हा डिझेलमंदी, नडगी अजून निळी आहे, अन् नुसत्या विचारानंच मले झोप येऊन राह्यली. तरी.

तुमच्यासंग झालं का कधी असं? कोणी मायेनं, अगदी जीव लावून, तुमची चीज पार बिघडवली, अन् तुम्ही "चांगलं केलं" म्हणून बसले? मंग सांगतलं का नंतर? का अजून पोटातच आहे?